मुक्कामी पत्रं

माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. कळंबच्या एका शाळेच्या कार्यालयात आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक टाकायचा, एवढंच काम. पण ते मी अशा थाटात केलं की शिपाईसुद्धा माझ्या टेबलासमोरून चप्पल न वाजवता जायचा. वर 'विषय' लिहिलेला नाही असं पत्र माझ्या हातून कधी बाहेर गेलं नाही. खुद्द मुख्याध्यापकांनी बिनविषयाचं पत्र आणलं तरी मी ते परत करायचो. म्हणायचो, "सर, यात म्हणायचं काय आहे ते आधी वर लिहा, मग बघू." निवृत्तीच्या दिवशी भाषणांत या गोष्टीचा उल्लेख झाला आणि लोक हसले. ते कौतुकच होतं असं मी आजवर धरून चाललो आहे.

अशा माणसाच्या हातून गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी, चहा आणि अंघोळीच्या मध्ये, वीसेक पत्रं बाहेर पडली. ना तारीख तपासली, ना जावक क्रमांक. त्यातली निम्मी माझ्या मुलाला लिहिलेली होती, आणि ती त्याच्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून मी वर्षानुवर्षं जपली होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी मुक्कामी गाडीचं सांगायला हवं.

कळंबला येण्याआधी माझी पहिली नेमणूक लोहाऱ्याकडच्या एका आडबाजूच्या गावी होती. संध्याकाळची एसटी तिथं मुक्कामाला यायची आणि दिवस उगवता परत तालुक्याला निघायची. शाळेचं टपाल आम्ही त्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचो. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे आणि टपालाची पिशवी कंडक्टरच्या उशाला असायची. तिथले हेडक्लार्क निजामाच्या अमलात शिकलेले. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "बाबू, गुस्स्याचा कागद कायम मुक्कामी गाडीनं धाडावा. रातीतून माणूस निवतो. मग भल्या फाटे उठावं, कंडक्टरनं तोंड धुवायच्या आत आपला कागद काढून घ्यावा. आपलंबी लिहून झालं, समोरच्याचीबी इज्जत राहिली."

मी हा सल्ला इतका पाळला की पुढं पुढं मला लांबून येताना बघितलं की कंडक्टर न विचारता पिशवीचं तोंड सोडायचा.

मग ईमेल आली. घरी संगणक आला, त्यात पत्रांचा एक प्रोग्राम होता, आणि त्या प्रोग्रामात जणू माझ्यासाठीच केलेली एक सोय होती. पत्र लिहून 'पाठवायची पत्रं' या कप्प्यात टाकायचं आणि त्यावर 'थांबवा' अशी खूण करायची. ती खूण मी काढेपर्यंत पत्र जागचं हलत नसे. म्हटलं, मुक्कामी गाडी घरातच आली. फरक इतकाच की एसटी सकाळी निघायची आणि माझी पत्रं निघत नसत.

आता मुलाचं. माझे वडील मेंढरं राखायचे. नळदुर्गपासून जवळ आमचं थोडं माळरान आहे, पण त्यांचं आयुष्य त्या रानापेक्षा दुसऱ्यांच्या रानातच जास्त गेलं. पाऊस संपला की कळप घेऊन निघायचे ते दिवस पालटल्यावर यायचे. मी घराण्यातला पहिला पगारी माणूस. मुलगा माझ्याही पुढं गेला, इंजिनिअर झाला, पुण्यात मोठ्या कंपनीत लागला. गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं ओळखपत्र घालून काढलेला त्याचा फोटो मी नातेवाइकांना दाखवत फिरलो. आणि काही वर्षांनी त्या बहाद्दरानं राजीनामा दिला, नळदुर्गच्या माळावर शेड ठोकलं आणि शेळ्या पाळायला घेतल्या. उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं अजून तेच आहे, तिची फाईल बहुधा वरिष्ठांकडं पडून असेल. घोंगडी खांद्यावरून उतरवायला आमच्या घराला पिढ्या लागल्या. त्यानं ती एका राजीनाम्यात परत घेतली.

मी तोंडानं एक शब्द बोललो नाही. बोललो ते पत्रांतून.

"विषय : आपण घेतलेल्या निर्णयाबाबत. संदर्भ : आपले दूरध्वनीवरील निवेदन. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, शेळ्याच राखावयाच्या होत्या तर त्यासाठी इंजिनिअर होण्याची आवश्यकता काय होती, याचा सविस्तर खुलासा करावा." रागावलो की मी पोटच्या पोराला महोदय म्हणतो. लिहिलं, 'थांबवा'ची खूण केली, सकाळी वाचलं, बरं वाटलं, तिथंच राहू दिलं. पत्रच गेलं नाही तर खुलासा कुठून येणार? तरी मी मनाशी वाट बघितली आणि मग स्मरणपत्र लिहिलं. पुढं दुसरं स्मरणपत्र. त्यात तर 'खुलासा प्राप्त न झाल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल' असा इशाराही दिला. तोही मुक्कामी.

शेड बघायला मी एकदाच गेलो, पहिल्या वर्षी, बायकोनं ओढून नेलं म्हणून. शेडभर फिरलो, दाराची कडी हलवून बघितली आणि "कुलूप चांगलं लावत जा" एवढं बोलून परतीची गाडी धरली.

पण आमचं भांडण असं झालं नाही. महिन्यातून एकदा तो कळंबला येतो. आईच्या हातचं जेवतो, मला तब्येतीचं विचारतो, मी त्याला पावसाचं विचारतो, आणि दिवस मावळायच्या आत तो निघतो. बायको म्हणते त्या एका जेवणावर ती सगळा महिना काढते. मी तसं काही म्हणत नाही. मात्र त्या दिवशी मी दाढी करतो.

तर गेल्या उन्हाळ्यात जुना संगणक कण्हायला लागला. पत्रांचा प्रोग्राम उघडला की एक पाटी यायची : यापुढं हे चालणार नाही, नव्याकडं जा. नवं म्हणजे मुलाचा लॅपटॉप. पुण्याहून परतताना "मला आता लागत न्हाय" म्हणून त्यानं तो आमच्याकडं टाकला होता. रागानं मी तो कपाटात ठेवला होता, धोतरजोडीखाली. नाइलाजानं बाहेर काढला, पुसला, आणि जुन्या पत्रांची, पत्त्यांची बदली नव्या प्रोग्रामात करायला बसलो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आयुष्यभर जावक सांभाळली, एवढं जमणार नाही का, असा तोरा.

आधी पत्ते गेले. इथं पहिली अडचण आली. नव्या प्रोग्रामाला प्रत्येकाचं नाव आणि आडनाव हवं होतं. आमच्याकडं माणसाला नावानं हाक मारणं म्हणजे जरा उद्धटपणाच, त्यामुळं माझ्या यादीत नाव कुणाचंच नव्हतं. 'लोहाऱ्याचे पाहुणे', 'मोंढा आडत', 'लाइटीचं हापीस', 'मुख्याध्यापक', 'मुख्याध्यापक', आणि तिसरे एक 'मुख्याध्यापक', कारण माझ्या काळात तीन झाले. प्रोग्रामानं मला विचारलं, सारखे दिसणारे लोक एकत्र करू का? मी म्हटलं, कर. तिन्ही मुख्याध्यापक एक झाले. नोकरीत असताना ज्यांना एका खोलीत बसवणं कुणाला जमलं नाही त्यांना त्यानं एका ओळीत बसवलं. मुलाचा पत्ता 'चिरंजीव' या नावानं होता. त्याच्यापुढं आडनावाची जागा रिकामी दाखवून प्रोग्राम मला सारखा टोकत होता. मी लक्ष दिलं नाही.

मग पत्रं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत होती. मी समाधानानं चहा पीत होतो. पट्टी पूर्ण झाली आणि खाली मजकूर आला : आपली काही पत्रं बऱ्याच काळापासून अडकून पडली होती, ती पाठवली आहेत.

नव्या प्रोग्रामाला 'थांबवा' ही खूण ठाऊकच नव्हती. त्याच्या दृष्टीनं 'पाठवायची पत्रं' म्हणजे पाठवायची पत्रं. शहाण्या माणसानं लिहिलेलं पत्र अडवून कशाला ठेवावं, असा त्याचा सरळ हिशेब. मी वायर ओढली, झाकण आपटलं, लॅपटॉप उलटा धरला. मुक्कामी गाडी निघून गेली होती आणि कंडक्टरही माझ्या ओळखीचा नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिला सगळं सांगावं लागलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "तोंडानं बोलला असता तर येका दिसात मिटलं असतं. तुमचं कायम असंच. इस्तव बी झाकून ठिवायचा आन् भाकर बी झाकूनच ठिवायची."

"आता काय करू ते सांग."

"फोन करा त्येला."

"आणि काय म्हणू? आलेलं वाचू नको म्हणून? म्हणजे तो आधी तेच वाचील."

"मंग जावा. आज त्येचं शेड दुरून बघा न्हायतर जवळून बघा, पर जावा. पोरगं यायचं बंद झालं ना, तर म्या त्या डब्यासंगं जेवायला बसायची न्हाय, सांगून ठिवते." डबा म्हणजे लॅपटॉप.

 मी अंघोळ न करताच निघालो. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. त्या एका जेवणाशिवाय आमच्यात दुसरं काही उरलं नव्हतं आणि तेही मी माझ्या हातानं पाठवून दिलं होतं.

कळंब ते धाराशिव एक गाडी, तिथून तुळजापूरवरून नळदुर्गची दुसरी. पत्रं पुढं आणि मी मागं, एसटीनं. मनाशी जमवाजमव चालली होती : माळावर रेंज नसते, सकाळी त्याला शेळ्यांचं असतं, मेल तो रोज उघडत नसेल. येडशीच्या आसपास फोन वाजला. वाटलं, झालं, त्याचाच. पण फोन मधल्या मुख्याध्यापकांचा होता, म्हणजे तिघांतल्या दुसऱ्यांचा. तेही आता निवृत्त, लातूरला लेकीकडं असतात.

"अहो, तुमचं पत्र आलं!" आवाजात नुसता आनंद. "मला कुणाचं पत्र येऊन किती काळ लोटला म्हणून सांगू. दोनदा वाचलं. तुमचा तिसरा मुद्दा अगदी बरोबर आहे. मी तेव्हा तुमच्यावर अन्यायच केला."

मला तिसरा मुद्दा आठवेना. मी म्हटलं, "सर, ते पत्र तुम्हाला नव्हतं. तुमच्या आधीच्या सरांना होतं."

"असं होय," ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "असू द्या. त्यांना पण लागू आहे आणि मला पण. पुन्हा लिहा."

नळदुर्गच्या अलीकडं हायवेवर उतरलो. ढाब्यांसमोर हैदराबादकडचे ट्रक ओळीनं उभे होते. ढाब्याच्या मागून माळाकडं पायवाट जाते. उन्हात चालताना मी भाषण तयार केलं. 'तांत्रिक बिघाडामुळं काही कालबाह्य पत्रव्यवहार आपणाकडं अनवधानानं…' इथपर्यंत आलो आणि लक्षात आलं की मी त्याला मनातही महोदय म्हणतोय.

तो शेडच्या दारात बसला होता. एक शेळी नुकतीच व्यायली होती आणि तो गोणपाटानं करडू पुसत होता. पुण्यात घासूनपुसून लख्ख झालेली त्याची भाषा माळावर आल्यावर परत आजोबांची झाली आहे. त्या भाषेबद्दलही माझं एक पत्र होतं.

"आप्पा? असं येकायेकी?"

"सहज आलो."

मी आयुष्यात कुठंही सहज गेलेलो नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं खाट ओढली, माठातलं पाणी दिलं. मी त्याच्या खिशाकडं बघत होतो. खिशात फोन होता. तो पुन्हा करडाजवळ बसला, त्याचे कान पुसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आप्पा, खुलासा तोंडी चालंल का लेखी देऊ?"

मी तांब्या खाली ठेवला.

"दोन स्मरणपत्रं बी मिळाली," तो म्हणाला. "पयलंच पत्र मिळालं नव्हतं तर स्मरण कशाचं व्हावं? पर भाषा लई कडक हाय बगा. 'असे गृहीत धरण्यात येईल.' म्या तर घाबरूनच गेलो." आणि तो हसला. खरोखर हसला.

"ते पाठवायचं नव्हतं रे," मी म्हणालो. "जुनं आहे. राग होता तेव्हा. तू मनावर घेऊ नको. तू यायचं बंद करू नको. तुझी आई…"

"आप्पा, ह्येच्यात मला नवं काय हाय? तुम्ही कवा बोलला न्हाई, पर तुम्ही जेवायला बसला की आमटीच्या वाटीत बी मला दिसायचं त्ये. येवढी वर्सं दर म्हयन्याला मिळत हुतं की."

मला वाटलं, सुटलो. रडू यावं इतकं हलकं वाटलं. पण त्याचं हसू ओसरलं होतं. त्यानं हात गोणपाटाला पुसले, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "ह्ये येक मातर मला ठावं नव्हतं." आणि त्यानं वाचलं.

"शेड पाहिलं. करडं अंगानं चांगली भरली आहेत. पाण्याची सोय नीट केलीस. तुझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर काठी टेकून दिवसभर इथंच बसले असते. मलाही बसावं वाटलं."

मी लिहिलं होतं ते. शेड बघून आलो त्या दिवशी, बूटसुद्धा न काढता. लिहिलं होतं एवढंच नाही, तर त्यावरही सवयीनं 'थांबवा'ची खूण केली होती. आणि नंतर ते साफ विसरून गेलो होतो.

"त्या दिशी तुम्ही कुलपाचं बोलून निघून गेला," तो म्हणाला. "त्या साली पाठी-करडं पटापटा मेली. दोनदा म्या समद्या शेळ्या इकायला काढल्या हुत्या. व्यापारी दारात आलता. तवा रोज मेल उघडून बघायचो, तुमचं काय येतंय का. शिव्या द्या, पर कायतरी धाडतील म्हणून." त्यानं फोन खिशात ठेवला. "आप्पा, येवढं येक धाडायला काय झालं हुतं?"

मी आठवून बघितलं. रागाची पत्रं का थांबवली ते मला सांगता आलं असतं. याचं कारणही होतं, आणि ते मला स्वच्छ आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पत्र काढून कार्यालयीन नजरेनं वाचलं होतं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. काय लिहावं ते सुचलं नव्हतं.

"त्याला विषय नव्हता," मी म्हणालो.

 या वेळी तो हसेल असं मला वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्यानं उठून ते ओलं करडू माझ्या मांडीवर ठेवलं. ते उभं राहायची खटपट करत होतं आणि दर वेळी पुढच्या पायावर कोसळत होतं. माझे वडील अशा वेळी कोकराच्या पोटाखाली हात धरायचे. मी तसा धरला.

परतीची शेवटची गाडी जायला अवकाश होता, पण मी घड्याळाकडं बघितलं नाही. एक गोष्ट म्हणायची होती. अशा वेळी माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तो आत कुठंतरी रात्रभर थांबतो आणि सकाळी नकोसा होतो. म्हणून मी घाई केली.

"करडं चांगली आहेत," मी म्हणालो. "शेडही चांगलं आहे. तू चांगलं केलंस."

त्यानं तोंड फिरवलं, गोणपाट झटकलं, घडी केलं, परत झटकलं.

"मिळालं, आप्पा," तो म्हणाला.